डावखुऱ्या हाताची पाववाली

एकहार्टच्या हातात कागद दिसला की गुडरून ओळखायची, आता आपल्या पायांचं काही खरं नाही. ओल्डेनबुर्गात छत्तीस वर्षं शहराची बस चालवून तो निवृत्त झाला होता, पण अंगातलं वेळापत्रक काही उतरलं नव्हतं. सहलीला निघायचं म्हटलं की तो आठवडाभर आधी चौकटीच्या वहीचं पान फाडून त्यावर तासातासाचा बेत लिहायचा. साल्मरिंगनच्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर त्याने आजचं पान उलगडलं आणि चष्मा सावरून वाचायला घेतलं.

"शनिवार. साडेनऊ, चर्चचा मनोरा. साडेअकरा, प्लमचा केक. साडेबारा, जुना धान्यबाजार, कमानी पाहणे. दोन वाजता म्युझियम, तिथले प्रमुख स्वतः माहिती सांगतात."

"कमानी पाहणे, हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं होय?" गुडरून पावाला लोणी फासत म्हणाली.

"लिहिलं नाही तर तू एकाच खांबाला हात लावून तासभर उभी राहतेस. फ्लोरेन्सला काय झालं? सगळं जग राजवाडा बघत होतं आणि माझी बायको फुटपाथचा दगड बघत होती."

"तो दगड राजवाड्यापेक्षा चांगला घडवला होता."

दगडातलं एकहार्टला काही कळत नसे आणि हिला त्याशिवाय दुसरं काही कळत नसे. गुडरून पाथरवट होती. सदुसष्ट वर्षांची झाली तरी तिच्या पंजाची पकड अशी, की नवा माणूस हस्तांदोलन करून झाल्यावर बोटं हळूच मोजून घेई. जन्मभर तिने थडग्यांचे दगड घडवले, खिडक्यांचे उंबरे घडवले, पायऱ्या घडवल्या. उत्तरेकडच्या शेकडो लोकांच्या उशाशी आपले दगड उभे आहेत आणि अजून एकाचीही तक्रार आलेली नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

मूर्ती मात्र तिने उभ्या आयुष्यात एकच घडवली. ती इथली, साल्मरिंगनच्या मोठ्या चर्चच्या उत्तरेकडच्या खांबावरची पाववाली.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. काम शिकून झालेल्या कारागिराने तीन वर्षं आणि एक दिवस घराचं तोंड न बघता गावोगाव हिंडायचं, मिळेल त्या उस्तादाकडे काम करायचं, अशी तिकडच्या पाथरवटांची जुनी रीत. काळी कॉर्डरॉयची विजार, रुंद काठाची टोपी आणि खांद्यावर गाठोडं घेऊन ती हिंडत इथे आली. चर्चच्या दगडांची डागडुजी करणाऱ्या कारखान्यातले उस्ताद हेल्डे आधी तिच्याकडे बघून हसले, मग तिच्या डाव्या हातातली छिन्नी बघून आणखी हसले, आणि शेवटी तिने घडवलेला एक कोपरा बघून गप्प बसले. पाववाली तिच्या वाट्याला आली ती अशी.

पाववाली सहाशे वर्षांची. गावच्या पाव भाजणाऱ्यांनी आपल्या पैशांनी तिला तिथे उभं केलं होतं: कमरेवर पावांची टोपली घेतलेली, पुढे कधीतरी नाक तुटलेली, दमलेली एक बाई. पावसाने आणि कोळशाच्या धुराने ती विरत चालली होती. म्हणून ठरलं, की अगदी तिच्यासारखी दुसरी घडवून वर ठेवायची आणि जुनीला म्युझियमात, कोरड्यात न्यायचं. चौदा आठवडे गुडरून त्या जुन्या बाईच्या समोर बसली होती. नाक तुटलेलं, तर हिचंही तुटलेलं. कानाजवळ भेग, तर हिच्याही कानाजवळ भेग. आहे तसं करायचं, डोकं चालवायचं नाही, हा उस्तादांचा हुकूम होता. त्या कारखान्याची आणखी एक रीत होती. नक्कल करणाऱ्याने मूर्तीत कुठेतरी, डोळ्याला दिसणार नाही अशा जागी, आपल्या काळातली एक वस्तू कोरून ठेवायची. उद्या कुणाची फसगत व्हायला नको म्हणून. ती कुठे कोरली आणि काय कोरलं, हे मात्र कारागिराने सांगायचं नाही. गुडरूनने ते नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

मूर्ती वर चढवायच्या आधीच तिची निघायची वेळ झाली, आणि त्यानंतर इकडे येणं झालंच नाही. लग्न, दुकान, मुलगी, थडगी. कारखान्याच्या नोंदवहीत नाव लागलं ते उस्ताद हेल्डेंचं, कारण फिरत्या कारागिराचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. राहिली ती फक्त गोष्ट. घरी पाहुणे आले, वाइन उघडली की गुडरून पाववालीची गोष्ट काढायची, आणि तिने ती काढली की एकहार्ट हमखास कॉफी बघायला उठायचा. एकदा सगळ्यांदेखत तो म्हणालाही होता, "हिची ती पाववाली दरवर्षी अर्धा मीटर वाढते." सगळे हसले, तीही हसली. पण ते तिला फार लागलं होतं. त्यानंतर पाहुण्यांना तिने ती गोष्ट सांगितलीच नाही.

त्यालाही ते कधीतरी उमगलं असावं, कारण लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा तोच म्हणाला, "चल, साल्मरिंगनला जाऊ. एकदाची दाखव मला तुझी पाववाली."

दोनशे चौदा पायऱ्या चढून दोघं उत्तरेकडच्या सज्जात आले तेव्हा एकहार्टचा भाता चालू होता आणि गुडरूनला दमसुद्धा लागला नव्हता. ऑक्टोबरची भुरभुर चालू होती. सज्जाच्या कठड्यापासून चार-पाच मीटरवर खांब होता आणि खांबावर, त्यांच्याकडे पाठ करून, किंचित वळून उभी होती पाववाली.

"हीच ना?" एकहार्ट पक्षी बघायची दुर्बीण गळ्यातून काढत म्हणाला. "अगं, पण केवढीशी आहे! मला वाटलं, चांगली घराएवढी असेल."

गुडरूनने दुर्बीण घेतली आणि डोळ्याला लावली. मग काढली, काचा पुसल्या आणि पुन्हा लावली.

"काय झालं?"

"ही माझी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी नाही. पाठीवर छिन्नीच्या रेघा बघ. उजवीकडून डावीकडे उतरतात. उजव्या हाताच्या माणसाच्या आहेत त्या. माझ्या उलट्या पडतात."

एकहार्टने दुर्बिणीतून पाहिलं. त्याला एक ओली, लाल दगडाची बाई दिसली. रेघा असतीलही. "चव्वेचाळीस वर्षं झाली गुडरून," तो जरा जपून म्हणाला. "माणसाची आठवण म्हणजे..."

"आठवणीचं बोलू नकोस मला! डाव्या कोपरावर बघ. पांढरा खडा आहे, वाटाण्याएवढा. दगडातच होता तो. चौदा आठवडे तो खडा माझ्या नाकासमोर होता. तो माझ्या दगडात नव्हता, जुनीच्या दगडात होता." तिचा आवाज चढला. "एकहार्ट, ही जुनी बाई आहे. खरी. सहाशे वर्षांची. ही अजून पावसात उभी आहे!"

तिने पुन्हा दुर्बीण लावली. चेहऱ्याची कड तेवढी दिसत होती, पण तेवढीच पुरे होती. गाल साबणाच्या जुन्या वडीसारखा झिजला होता. टोपली धरणाऱ्या मनगटात करंगळी जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यात पाणी चमकत होतं. हे पाणी हिवाळ्यात गोठणार, फुगणार आणि एक दिवस टोपलीसकट हात खाली येणार. एखादा हिवाळा, फार तर दोन. हे सांगायला म्युझियमच्या प्रमुखाची गरज नव्हती, कुठलाही पाथरवट सांगेल.

"मग तुझी कुठे आहे?" एकहार्टने विचारलं.

"तेच बघायचंय. चल."

"साडेअकराला केक..."

"केक गेला उडत."

लग्नाच्या चाळीस वर्षांत ती केकबद्दल असं पहिल्यांदाच बोलली होती. एकहार्टने मुकाट्याने कागदाची घडी घातली.

म्युझियमच्या दारातच उत्तर मिळालं. तिकिटाच्या खिडकीपलीकडच्या दुकानात पाववालीच पाववाली होती: कपांवर, पिशव्यांवर, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर. साल्मरिंगनची शान होती ती. गुडरूनने एक कप उचलला आणि चित्रातल्या ओठांवर अंगठा फिरवला. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"ही," ती म्हणाली. "ही माझी."

"कपावरून कसं काय..."

"ओठाचा उजवा कोपरा बघ. जुनीचा तेवढा भाग झिजून गेला होता. उस्ताद म्हणाले होते, झिजलेला आहे तर झिजलेलाच ठेव. मला नाही ठेववला. ते जेवायला गेले तेव्हा मी तो माझ्या मनाने केला. घरमालकिणीचा ओठ आहे तो. भाडं मागायला यायची आणि माझीच रडगाणी ऐकून परत जायची बिचारी."

दोन वाजता म्युझियमचे प्रमुख, डॉक्टर कोन्राड श्टाइब, वीसेक माणसांचा घोळका घेऊन मूर्तीपाशी आले. उंच, किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. गळ्यात मोहरीच्या रंगाचा मफलर आणि काखेत स्वतःचंच पुस्तक. मूर्ती दालनाच्या मधोमध, सगळीकडून बघता येईल अशी उभी होती. गुडरून मागे, भिंतीशी उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांनी ती आपल्या लेकराला बघत होती, आणि लेकरू तर अगदी तसंच होतं. सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.

डॉक्टर बोलायला लागले, आणि माणूस बोलायचा मात्र सुंदर. बहुतेक जाणकार दगडाबद्दल बोलताना पुस्तकाबद्दल बोलतात. हा खरंच दगडाकडे बघून बोलत होता.

"या बाईच्या पाठीमागे या," ते म्हणाले. "या रेघा पाहा. डावीकडून उजवीकडे उतरतात. हे घडवणारा माणूस डावखुरा होता. ही गोष्ट पाचशे नव्वद वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती, माझ्या आली. मी त्याला डावखुरा उस्ताद म्हणतो. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, कधी कळणारही नाही. अकरा वर्षं मी त्याच्यासोबत राहिलोय, आणि मला वाटतं, माझ्या बायकोपेक्षा मी त्याला जास्त ओळखतो."

लोक हसले. भिंतीशी एकहार्टने गुडरूनकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि आता समोर या. हा ओठाचा कोपरा," डॉक्टरांचा आवाज खाली आला. "बघा. ही बाई पाव विकून दमलेली नाही. लोकांचं ऐकून ऐकून दमलेली आहे. तरी उद्या पुन्हा ऐकून घेणार आहे. मी पुस्तकात लिहिलंय, आजच्या कुठल्याही हाताला हे साधणार नाही. तो काळ गेला, ती माणसं गेली."

गुडरूनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. उभ्या जन्मात तिच्या कामाबद्दल लोक एवढंच म्हणाले होते, की अक्षरं सरळ आलीत आणि वेळेत मिळालं. आणि हा अनोळखी माणूस तिने चोरून केलेल्या बोटभर दगडावर एवढं बोलत होता, आणि वीस माणसं माना हलवत होती.

एकहार्टने तिचा दंड धरला. "अगं, तू... ते तुझ्याबद्दल बोलतायत. तूच ती!"

"मीच."

"आणि मी कॉफी बघायला उठायचो." तो स्वतःवरच चरफडला. मग एकदम कानाशी लागला, "हे बघ, आता बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस. कुठल्या पाथरवटाच्या नशिबी हे येतं? म्युझियम, दिवे, पुस्तक! हजार वर्षं राहील ही इथे. सांगितलंस की उद्या उतरवतील आणि नेतील वर, कबुतरांत."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग वर ती भिजतेय, एकहार्ट."

"ती दगडाची आहे!"

"तिनेच शिकवलं मला. उस्ताद हेल्डेंनी काय शिकवलं? झाडू मारायला. दगडात माणूस कसा आणायचा ते चौदा आठवडे तिने दाखवलं. आणि मी तिच्या जागेवर, तिच्या कोरड्यात बसून कौतुक ऐकू? माझ्याच्याने व्हायचं नाही."

एकहार्टने उसासा सोडला. चाळीस वर्षांत त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की ही "व्हायचं नाही" म्हणाली की होत नाही.

पण चारचौघांत त्या माणसाचा पाणउतारा करायचा, हेही तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. सगळे जाईपर्यंत ती थांबली. एकाने डॉक्टरांबरोबर फोटो काढला, दोघांनी पुस्तकावर सही घेतली. दालन रिकामं झाल्यावर ती पुढे गेली.

"डॉक्टर, तुम्ही फार छान बोललात. माझं नाव गुडरून टिम्मे. मी पाथरवट आहे. ही मूर्ती मी घडवली."

डॉक्टर श्टाइब थकल्यासारखं हसले. असली माणसं त्यांना महिन्याला एक भेटायची. मागच्या महिन्यात एका गृहस्थाने आपण गेल्या जन्मी इथले बिशप होतो असं सांगितलं होतं. "हो का," ते सौजन्याने म्हणाले. "कधी घडवलीत?"

"एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात. नक्कल वर जायची आणि जुनी इथे यायची होती. उलटं झालंय. वर गेलीये ती खरी."

"बाई, असं कसं होईल? आमच्याकडे कागद आहेत. खरी मूर्ती त्याच उन्हाळ्यात आम्ही साफ करून घेतली होती."

"तेच तर! साफ केल्यावर ती कशी दिसत असेल? नव्यासारखी. आणि माझी वर एकटीच लालभडक दिसायला नको म्हणून उस्तादांनी तिला काय केलं माहितेय? ताक फासलं. ताक आणि काजळी. शेवाळं लवकर धरावं म्हणून. दोन महिने अंगणात उभी होती, मांजरं चाटायची तिला. माझी झाली काळी, तुमची झाली गोरी. दोर लावणाऱ्याने गोरी ती नवी समजून वर चढवली आणि काळी ती जुनी समजून इकडे पाठवली. एका माणसाने जुन्याला नवं केलं, दुसऱ्याने नव्याला जुनं केलं, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही."

डॉक्टरांचं हसू जरा आकसलं. चर्चचा कारखाना चर्चचा, म्युझियम शहराचं, आणि या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. दोन इमारतींमध्ये फक्त चौक होता, पण ते एकमेकांना पत्रं पाठवत आणि ती पत्रं दुसऱ्या गावावरून फिरून येत. कारखान्यातला माणूस म्युझियमात यायचा नाही आणि म्युझियमातला मनोऱ्यावर चढायचा नाही. खुद्द डॉक्टर शेवटचे कधी चढले होते? त्यांना आठवेना.

"हे सगळं तुम्ही रचून सांगू शकता," ते म्हणाले. "पुरावा काय?"

गुडरून थांबली. आता जे सांगायचं ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नसतं. तिने एकहार्टकडे पाहिलं, मग मूर्तीकडे.

"मागच्या बाजूने टोपलीत हात घाला," ती म्हणाली. "तिसऱ्या आणि चौथ्या पावाच्या मधे बोट जाईल एवढी फट आहे. डोळ्याला दिसत नाही, बोटालाच लागतं."

डॉक्टरांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले. या अकरा वर्षांत त्यांनी मूर्तीला हातमोज्याशिवाय कधी स्पर्श केला नव्हता.

"मोजा नको. मोज्याने कळणार नाही."

ते घुटमळले. मग मोजा काढून त्यांनी हात घातला. बोट आत गेलं आणि तिथे थांबलं. त्यांच्या कपाळावर बारीक आठी उमटली.

"गोल आहे काहीतरी," ते म्हणाले. "चपटं. कडेला... कडेला दात आहेत."

"किती दात आहेत, मोजा."

डॉक्टरांचे ओठ हलत होते. एकदा मोजून झालं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकवीस," ते म्हणाले.

"बिअरच्या बाटलीच्या झाकणाला एकवीसच असतात. समोर ठेवून कोरलं होतं मी."

"बिअरचं झाकण?" एकहार्ट मागून ओरडला. "चाळीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस ते हे?"

डॉक्टर रखवालदाराच्या खुर्चीवर बसले. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, आणि मुखपृष्ठावरून पाववाली वर बघत होती. गुडरूनला त्यांची मनापासून दया आली. चांगल्या माणसाचं घर आपण हाताने पाडलं, असं तिला वाटलं.

"डावखुरी हे तुम्ही बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला ते दिसलं नव्हतं. आणि ओठाबद्दल जे बोललात ना, ते मी मरेपर्यंत जपून ठेवीन."

"तुम्ही गप्प राहिला असतात," ते सावकाश म्हणाले, "तर मला कधीच कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. तुमचीच मूर्ती होती इथे. का सांगितलंत?"

"मनगटाला फट आहे तिच्या. करंगळी जाते. आत पाणी आहे."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. काचेवर पावसाचे ओघळ उतरत होते. ते उठले, मफलर सारखा केला आणि फोन काढला. पत्र न लिहिता त्यांनी सरळ चर्चच्या कारखान्याला फोन लावला, आणि पलीकडून कुणी उचलल्यावर पहिलंच वाक्य म्हणाले, "मी मनोऱ्यावर येतोय. शिडी लागेल. आणि एक ताडपत्री."

पहिला बर्फ पडायच्या आत जुनी बाई खाली आली. दोर सोडताना तिचं मनगट खरंच निखळलं आणि टोपली कारागिरांच्या हातात राहिली. पण हातातच राहिली, चौकात फुटली नाही. हिवाळाभर तिला सुकवलं, जोडलं. डॉक्टरांनी वर्तमानपत्रात स्वतःच्या नावाने सगळी चूक कबूल केली, आणि लोक हसतील तेवढे हसून झाल्यावर पुस्तकाची नवी आवृत्ती लिहायला घेतली. 'डावखुरा उस्ताद' खोडून त्यांनी तिथे लिहिलं, गुडरून टिम्मे.

मार्चमध्ये त्यांचा ओल्डेनबुर्गला फोन आला. म्युझियमच्या समितीचं एकमत झालं होतं: दोन्ही मूर्ती म्युझियमातच ठेवायच्या, शेजारी शेजारी. वर जायला तिसरी घडवून घेऊ. गुडरूनची मूर्ती आता इतकी प्रसिद्ध झाली होती, की तिला पावसात ठेवायला कुणाचं मन होत नव्हतं.

एकहार्ट फोनला कान लावून ऐकत होता. तो जोरजोराने मान हलवून "हो म्हण, हो म्हण" अशा खुणा करत होता.

"नको," गुडरून म्हणाली. "ती वर उभी राहायला घडवलीये. चव्वेचाळीस वर्षं कामाला उशीर झालाय तिला. पाठवा वर."

मे महिन्यात ती वर गेली. चढवायच्या आधी कारखान्याच्या अंगणात तिला आडवी केली, तेव्हा तळाशी गुडरूनची खूण निघाली: उलटा बाण आणि एक रेघ. कारखान्याची आताची उस्ताद, तिच्या मुलीच्या वयाची एक बाई, नोंदवही घेऊन आली. एक्याऐंशीच्या पानावर हेल्डेंच्या नावाखाली जागा होती. गुडरूनने डाव्या हाताने तिथे नाव लिहिलं.

मग दोघं चौकात जाऊन उभी राहिली. दोर ताणला गेला, पाववाली एकदा सावकाश गिरकी घेऊन वर चढली, आणि अर्ध्या तासाने खांबावर टेकली. एकहार्टने दुर्बीण लावली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"काहीच दिसत नाही गं," तो कासावीस होऊन म्हणाला. "ओठ दिसत नाही, रेघा दिसत नाहीत, टोपली तर नाहीच. नुसता लाल ठिपका. इथून कुणाला काय कळणार?"

"काही नाही कळणार."

"आणि तुला चालतं?"

"पाऊस लागतोय ना तिला? झालं तर. सहाशे वर्षं टिकेल असा दगड निवडलाय मी."

तिने हे ठणकावून सांगितलं. तिने डोळे पुसले. शेजारून एक सहलीचा घोळका चालला होता, छत्र्या मिटत, पुढचं ठिकाण शोधत. कुणीही वर बघत नव्हतं. एकहार्टच्या हातात सकाळचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, साडेअकरा, प्लमचा केक. अकरा पस्तीस झाले होते.

त्याने कागद खिशात कोंबला आणि तीन ढांगांत तो त्या घोळक्याला आडवा गेला.

"थांबा, थांबा जरा!" छत्तीस वर्षं बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचवलेल्या आवाजात तो म्हणाला. "वर बघा. उत्तरेचा खांब, तिसरा. दिसला ठिपका? ती पाववाली आहे. माझ्या बायकोने घडवलीये. ही काय, ही इथे उभी आहे, डावखुरी. घाई आहे का तुम्हाला? नाही ना? मग पहिल्यापासून सांगतो."

आणि गुडरूनला आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाली. मूर्ती त्याने चांगली अर्धा मीटर वाढवून सांगितली. तिने दुरुस्त केली नाही.